कुलाबा किल्ल्याची वाट : भरती-ओहोटी, तिथी आणि किनारी बेटांवरील सामूहिक पदभ्रमण

किनाऱ्यालगतच्या बेटांचे प्रवाशाच्या दृष्टीने दोन प्रकार पडतात. काही बेटांवर होडीवाचून जाताच येत नाही; मुरूडचा जंजिरा, त्याच्या समोरचा पद्मदुर्ग, हर्णैचा सुवर्णदुर्ग, थळजवळील खांदेरी-उंदेरी ही या वर्गातली. दुसऱ्या वर्गातील बेटे दिवसातून दोनदा बेटे असतात आणि दोनदा बेटे नसतात. अलिबागच्या समोर उभा असलेला कुलाबा किल्ला हे या दुसऱ्या वर्गाचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण होय. पूर्ण ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरून निघालेला मनुष्य ओल्या वाळूतून आणि शेवाळलेल्या खडकांवरून चालत त्याच्या दरवाजाशी पोचतो. काही तासांनी त्याच वाटेवरून होड्या ये-जा करतात. हिवाळा सुरू झाला की भूगोल, इतिहास, प्राणिशास्त्र अशा अनेक विषयांच्या विद्यार्थ्यांचे गट एका दिवसाच्या पदभ्रमणासाठी येथे येतात, आणि त्यांतील बरेच गट रात्री जवळपासच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून राहतात. या सहलींचे वेळापत्रक सामान्यतः बसगाडीच्या आणि जेवणाच्या वेळांवरून ठरविले जाते. समुद्राचे वेळापत्रक त्याहून निराळे असते व ते पुष्कळसे आधी सांगता येते. ते कसे सांगता येते आणि त्यावरून बेटावरील पदभ्रमणाची व मुक्कामाची आखणी कशी करावी, याचे विवेचन येथे योजिले आहे.

प्रथम स्थळाविषयी थोडेसे. किल्ला किनाऱ्यापासून एक ते दोन किलोमीटर अंतरावर समुद्रातील बेसाल्टच्या खडकावर उभा आहे. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० साली, त्याच्या तटबंदीचे काम हाती घेण्यात आले आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे प्रमुख ठाणे झाले. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून केलेली स्वारी निष्फळ ठरली. आतील गणेशमंदिर आंग्रे घराण्यातील राघोजींनी १७५९ साली बांधविले. तटाचे प्रचंड चिरे बऱ्याच ठिकाणी चुन्याचा दर्जा न भरता नुसते एकावर एक रचलेले आहेत. सांध्यांच्या फटींतून पाणी आत शिरून लाटेचा जोर मोडतो, असे त्याचे कारण सांगितले जाते. या सर्व बांधकामापेक्षाही महत्त्वाची संरक्षणयोजना मात्र कोणी बांधलेली नाही. भुईकोटाला खंदक खणावा लागतो व त्यात पाणी राखावे लागते. येथे खंदक दर सव्वासहा तासांनी आपोआप भरतो आणि रिता होतो. शत्रूला जमिनीवरून चालून यावयाचे असेल तर परतीची वेळ मोजूनच यावे लागे. आजच्या सहलीची अडचण मुळात तीच आहे.

पाण्यातून चालत जाण्याचा हा व्यवहार कोकणपट्टीला नवा नाही. मुंबईची बेटे जोडली जाण्यापूर्वी लोक ओहोटीच्या वेळी खाड्यांतून पायी उतरत. पलीकडे गेल्यावर जेथे चिखलाचे पाय धूत, ती जागा म्हणजे पायधुनी, अशी त्या नावाची उपपत्ती प्रसिद्धच आहे. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी बांधीव वाटही मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते, व दर्शनाला जाणारे लोक तिच्या वेळा पाळतात. अलिबागची वाट बांधीव नसल्यामुळे तेथे मर्यादा इतकी स्पष्ट दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

भरती-ओहोटीची मूळ कारणे या वाचकवर्गास सांगण्याची आवश्यकता नाही. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणातील स्थलपरत्वे पडणाऱ्या फरकामुळे समुद्राची पातळी बदलते. कोकण किनाऱ्यावर एका चांद्रदिवसात, म्हणजे सुमारे २४ तास ५० मिनिटांत, दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास दोन्ही आकर्षणे एका दिशेने पडून उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती परस्परांना काटकोनात येऊन भांग येतो. एवढे प्रत्येक शालेय पुस्तकात असते. ते पुस्तकात असूनही सहलीच्या आखणीत उतरत नाही, याचे कारण असे की त्याबरोबर आकडे दिले जात नाहीत.

आकडे मुंबईचे घेता येतात, कारण अलिबाग तेथून दक्षिणेस फार दूर नाही आणि मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाची नोंद १८७८ पासून उपलब्ध आहे. सागरी नकाशांसाठी जी आधारपातळी धरतात तिच्यावर मोजले असता तेथे उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी ४.४२ मीटर व ओहोटीची ०.७६ मीटर आहे; भांगाच्या भरतीची ३.३० व ओहोटीची १.८६ मीटर. म्हणजे उधाणाची कक्षा ३.६६ मीटर, तर भांगाची अवघी १.४४ मीटर. यातील लक्षात ठेवण्याजोगा आकडा १.८६ हा आहे. भांगाच्या दिवशी समुद्र जितका मागे हटू शकतो तितका पूर्ण हटला, तरी तो उधाणाच्या ओहोटीपेक्षा एक मीटरहून अधिक उंच राहतो. ‘आज बाराला ओहोटी आहे’ एवढ्या माहितीवर निघालेल्या गटाला ओहोटी भेटते खरी. वाट भेटेलच असे नाही.

आता वेळेचा प्रश्न. येथे कोकणातील कोळी व खलाशी यांचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाला तीनांनी गुणून चारांनी भागावे. येणारा आकडा हा त्या दिवशीच्या पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब एकच, आणि दिवसाचे तसेच रात्रीचेही. ओहोटी यापासून सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे. हा नियम पाठांतराचा असला तरी त्याची उपपत्ती सरळ आहे. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी सरकते. म्हणजे एका तिथीस ४८ मिनिटे. नियमाने सोयीसाठी ४५ धरली आहेत. तीन मिनिटांची ही तूट पंधरवड्याच्या अखेरीस पाऊण तासाची होते, आणि म्हणून पौर्णिमेची भरती नियमाप्रमाणे सव्वाअकराला येत असली तरी प्रत्यक्षात ती मध्यान्हाच्या जवळ असते. शिवाय वेळेचे हे सरकणे रोज सारखे नसते. उधाणाच्या दिवसांत भरती रोज चाळीस मिनिटांच्या आसपासच पुढे जाते. भांगाच्या दिवसांत ती एका तासाहूनही अधिक पुढे जाते. तेव्हा हा नियम एखाद्या तासाच्या चुकीसह खरा मानावा. दिवस निवडण्यासाठी तो पुरेसा आहे. निवडलेल्या दिवशी पाऊल केव्हा टाकावे हे ठरविण्यासाठी नाही. त्यासाठी छापील वा अन्य प्रकारे प्रसिद्ध होणारे भरती-ओहोटीचे कोष्टकच पाहिले पाहिजे.

या नियमात एक गोष्ट दडलेली आहे, आणि कुलाब्याच्या वाटेचे सारे रहस्य तिच्यात आहे असे म्हणण्यास हरकत नाही. एखाद्या बंदरात उधाणाची भरती नेहमी घड्याळाच्या त्याच सुमारास येते. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर अमावास्या असो वा पौर्णिमा, भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास, आणि म्हणून सर्वांत खोल ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहाच्या आसपास. उलट अष्टमीस भरती सकाळ-संध्याकाळ सहाला आणि ओहोटी मध्यान्हाला. पण ही ओहोटी भांगाची. सहलीचे गट शहरांतून सकाळी निघतात आणि अकरा-बाराला किनाऱ्यावर उतरतात. मध्यान्हाला समुद्र जेव्हा भरपूर हटू शकतो असा दिवस या किनाऱ्यावर असत नाही. मध्यान्हाला ओहोटी असते तेव्हा ती उथळ असते, आणि खोल ओहोटीच्या दिवशी मध्यान्हाला पाणी शिगोशीग भरलेले असते. निसर्गाने सहलींवर धरलेला हा डूख नव्हे. बंदर दुसरे असते तर तास दुसरे निघाले असते. गोव्याकडे भरती मुंबईच्या थोडी अगोदर येते, व जगात अशी बंदरे आहेत की जेथे खोल ओहोटी नेमकी दुपारी येते. अलिबागच्या वाट्याला सकाळ आणि संध्याकाळ आली आहे, एवढेच.

सुदैवाने उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेलाच संपत नाही. समुद्राचे पाणी आकर्षणाला काहीसे उशिरा दाद देत असल्यामुळे सर्वांत मोठी कक्षा त्यानंतर एक-दोन दिवसांनी आढळते. द्वितीया-तृतीयेस पाणी खूप हटते आणि ओहोटीची वेळ सात-आठच्या सुमारास आलेली असते. चतुर्थीस ती नवाच्या जवळ येते व पाणी अजून पुरेसे हटते. हिवाळ्यात या किनाऱ्यावर सूर्य सातच्या सुमारास उगवतो हे लक्षात घेतले, तर गटासाठी तृतीया-चतुर्थी हेच दिवस उत्तम ठरतात. किल्ल्यातील गणेशाच्या दर्शनाला चतुर्थीस जाणाऱ्या भाविकाला वाट सकाळच्या सोयीच्या वेळी मोकळी मिळते, हा योगायोगच; पण सुखद योगायोग आहे. पक्षाच्या दुसऱ्या अंगाला त्रयोदशीस ओहोटी दुपारी चारच्या जवळ येते. तोही दिवस चालेल. मात्र परतताना उजेड संपत आलेला असतो, आणि सकाळच्या गटाला उशीर झाल्यास जो दिवस हाताशी राहतो तो या गटाला राहत नाही.

येथेच एका समजुतीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती अनभिज्ञांपेक्षा अनुभवी लोकांनाच अधिक फसवते. ‘मागच्या रविवारी आठ वाजता आम्ही कोरड्या पायांनी गेलो’ हे वाक्य मार्गदर्शनाचे वाटते. वस्तुतः सात दिवसांत भरतीची वेळ पावणेसहा तासांनी सरकते. म्हणजे मागच्या रविवारी ज्या वेळी ओहोटी होती, त्याच वेळी या रविवारी जवळजवळ पूर्ण भरती असते. उधाणाच्या आठवड्यानंतर भांगाचा आठवडा येतो हे निराळेच. उलट दोन आठवड्यांपूर्वीचा अनुभव बराचसा खरा ठरतो, कारण उधाणापासून उधाणापर्यंत पावणेपंधरा दिवस लागतात आणि दोन आठवड्यांचे दिवस चौदा. पाऊण दिवसाचा हा फरक साठत जाऊन चार-साडेचार महिन्यांत रविवारांची पाळी उलटते: आधी ज्या रविवारी उधाण येई त्या पाळीला भांग येऊ लागतो. विभागाच्या दप्तरात मागील वर्षीच्या सहलीची वेळ लिहिलेली असते आणि या वर्षी तीच उचलली जाते, ही पद्धत या दृष्टीने अगदीच निराधार होय.

दिवस ठरल्यावर प्रश्न उरतो तो गटाचा. एकटा मनुष्य आणि चाळीस जणांचा गट यांना समुद्र सारखाच वेळ देतो. तो वापरण्याची त्यांची शक्ती मात्र सारखी नसते. पाणी चढण्याचा वेगही सतत एक नसतो. यासाठी नाविकांमध्ये बारांशाचा नियम रूढ आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत एकूण कक्षेचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. उधाणाची सरासरी कक्षा घेऊन हिशेब केला तर एक भाग सुमारे ३० सेंटिमीटरचा होतो. ०.७६ मीटरवरून निघालेले पाणी पहिल्या तासाअखेर १.०७ मीटरवर, दुसऱ्या तासाअखेर १.६८ वर आणि तिसऱ्या तासाअखेर २.५९ मीटरवर जाते. पहिल्या तासात समुद्र जवळजवळ स्थिर भासतो. याच तासात गट किल्ल्यात निश्चिंत बसलेला असतो. तिसऱ्या तासात तेच पाणी दर पंधरा मिनिटांस सुमारे २३ सेंटिमीटर चढते. घोट्यापर्यंतचे पाणी गुडघ्यापर्यंत यावयास तेवढा वेळ पुरतो.

वाट किती वेळ मोकळी राहील हे तिच्यातील सर्वांत सखल जागेवरून ठरते. उदाहरणासाठी समजा की ती जागा आधारपातळीच्या वर १.४ मीटर आहे. (वाळू सरकत असल्यामुळे हा आकडा दर मोसमात बदलतो, म्हणून येथे तो केवळ कल्पिलेला आहे.) वरील हिशेबाने उधाणाच्या दिवशी ती ओहोटीच्या अगोदर दीड तास व नंतर दीड तास, असे एकूण तीन तास उघडी राहील. भांगाच्या दिवशी ती उघडी पडणारच नाही. ऐन ओहोटीतही तिच्यावर सुमारे अर्धा मीटर पाणी राहील. आता चाळीस जणांचा गट दीड किलोमीटरची वाट चालणार. ओली वाळू, शेवाळ, आणि कालवांच्या धारदार शिंपा चिकटलेले खडक यांवरून ताशी तीन किलोमीटरपेक्षा अधिक वेग धरता येत नाही. रांगेचा पुढचा माणूस अर्ध्या तासात पोचतो आणि शेवटचा त्यानंतर पंधरा मिनिटांनी. जाण्यास पाऊण तास, येण्यास पाऊण तास. तीन तासांतून हे वजा जाता किल्ल्यात दीड तास राहतो, तोही वाट उघडल्याबरोबर पहिले पाऊल टाकले तर. नऊच्या ओहोटीस गटाने साडेसातला किनारा सोडावा आणि पावणेदहाला किल्ल्याच्या दरवाजातून बाहेर पडावे. बहुतेक गट ओहोटीच्या घटकेला, म्हणजे नऊला, निघतात. ‘ओहोटी नऊला’ याचा अर्थ ‘नऊपासून वाट मोकळी’ असा घेतला जातो. खरा अर्थ ‘नऊनंतर पाणी परत फिरले’ असा आहे.

पाणी परत फिरते ते नेहमी समुद्राच्या बाजूने एका रेषेत पुढे येत नाही. सपाट वाळूत लांबट पन्हळी असतात. भरतीचे पाणी प्रथम त्यांतून बाजूने शिरते. अशा वेळी गटाच्या पुढ्यात कोरडी वाळू आणि पाठीमागे कोरडी वाळू दिसत असते, व मधली पन्हळ भरलेली असते. हे दुरून कळत नाही. म्हणून परतण्याची वेळ डोळ्यांनी ठरवू नये, घड्याळाने ठरवावी, आणि ती किनारा सोडण्यापूर्वी सर्वांना सांगितलेली असावी. वेळ टळलीच तर पाण्यात उतरण्यापेक्षा किल्ल्यात थांबणे केव्हाही श्रेयस्कर. किल्ला पाण्याखाली जात नाही. फार तर होडी मिळेपर्यंत तिष्ठावे लागेल. परतीची बस चुकेल या धास्तीने मांडीभर पाण्यात शिरलेला गट आणि तटावर बसून राहिलेला गट यांत शहाणा कोण, हे सांगावयास नको. परंतु बस ठरविणाऱ्याने तिला दोन तासांची सवड ठेवली असती तर हा प्रसंगच आला नसता.

तिथीच्या ज्ञानाला मर्यादा आहेत, हेही स्पष्ट केले पाहिजे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा महाविद्यालयीन विद्यार्थी समुद्रात बुडून मृत्यू पावले. तो दिवस पौष वद्य अष्टमीचा होता. म्हणजे उधाणाचा नव्हे, भांगाचा. भांगाच्या दिवशी पातळी कमी बदलते याचा अर्थ त्या दिवशी समुद्रात उतरणे सुरक्षित असते असा मुळीच होत नाही. लाटांचे पाणी किनाऱ्यावरून मागे खेचणारे प्रवाह, वाळूतील अचानक लागणारे खोलगे, आणि एकाला वाचविण्यासाठी दुसऱ्याने घेतलेली उडी यांचा तिथीशी संबंध नाही. पदभ्रमणाच्या गटाला समुद्रस्नानाची मोकळीक देणे ही निराळी जबाबदारी आहे. वाटेचा हिशेब बरोबर आला म्हणून ती हलकी होत नाही.

मुक्कामाचा विचार आता करता येईल. खुद्द कुलाबा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, आणि १९५९ च्या नियमांप्रमाणे अशी स्मारके सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खुली असतात. तंबू पडतात ते किनाऱ्यावर: नागाव, आक्षी, रेवदंडा, किहीम येथील सुरूच्या बनांच्या कडेला. मुक्कामासाठी गटांची आवड पौर्णिमेची असते, कारण चांदणे. वर सांगितलेल्या नियमाने पौर्णिमेची संध्याकाळ पाहिली तर काय दिसते? सहाच्या सुमारास वर्षातल्या खोल ओहोटींपैकी एक. किनारा दूरवर उघडा पडलेला, वाळू घट्ट व सपाट, तंबूला याहून चांगली जागा नाही असे वाटावे अशी. त्याच जागी मध्यरात्री बाराला उधाणाची भरती येते. गट झोपलेला असतो. अष्टमीला मुक्काम करणारा गट या बाबतीत भाग्यवान, कारण त्याला संध्याकाळी सहाला भरतीच भेटते व पाणी कोठवर येते हे तंबू ठोकण्यापूर्वीच दिसते.

यात हिवाळ्याची एक विशेष भर पडते. दिवसातील दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. चंद्राची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे उत्तर वा दक्षिण अंतर, जसजशी वाढते तसतसा हा भेद वाढतो. आणि हिवाळ्याच्या उधाणात मोठी भरती रात्रीची असते, पावसाळ्याच्या उधाणात दिवसाची. जुलैतील दुपारच्या भरत्यांचे आकडे वृत्तपत्रांत ठळकपणे येतात, कारण मुंबईत तेव्हा पाणी तुंबते. डिसेंबरातील मध्यरात्रीच्या भरत्यांकडे तितके लक्ष जात नाही. डिसेंबर २०२५ च्या पौर्णिमेनंतर मुंबईसाठी वर्तविलेली मध्यरात्रीनंतरची भरती पाच मीटरच्या वर होती, तर त्याच दिवसाची दुपारची सव्वाचार मीटरच्या आत. म्हणजे ज्याने दुपारी भरतीची ओली रेषा पाहून तिच्या वर तंबू ठोकला, त्याचाही अंदाज पाऊण मीटरने चुकला असता. आणि मंद उताराच्या किनाऱ्यावर पाऊण मीटर उंची म्हणजे आडवे अंतर पुष्कळच.

मग खूण कोणती धरावी? वाळूवर शेवाळ, शिंपा आणि काटक्या यांची जी कोरडी रांग दिसते ती फार तर गेल्या काही भरत्यांची साक्ष देते. तिच्याहून विश्वसनीय साक्षीदार वनस्पती होत. किनाऱ्याच्या वाळूवर पसरणारी, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची व जांभळट फुलांची जी वेल असते, तिला मराठीत मर्यादवेल म्हणतात. शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्री. खारे वारे व तुषार तिला सोसतात, परंतु नित्य पाण्याखाली जाणाऱ्या वाळूत ती मूळ धरीत नाही. समुद्राची मर्यादा दाखविणारी वेल हा नामकरणाचा भाव निरीक्षणातूनच आलेला असणार. तंबू मर्यादवेलीच्या जमिनीकडच्या बाजूस असावा. वेलीवर नव्हे, कारण तिच्याच मुळ्यांनी ती वाळू धरून ठेवलेली असते.

दक्षिणेस वेळाससारख्या किनाऱ्यांवर याच पट्ट्याला आणखी एक दावेदार आहे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे हिवाळ्यात रात्री वाळूत चढून भरतीच्या रेषेच्या वर अंडी घालतात. तंबू ठोकणाऱ्याप्रमाणेच त्या मादीलाही पाणी न पोचणारी, पण समुद्राजवळची, मऊ वाळू हवी असते. पिले बाहेर पडल्यावर उजळ क्षितिजाच्या रोखाने समुद्राकडे जातात. किनाऱ्यावरचे दिवे आणि शेकोट्या त्यांना उलट दिशेला ओढतात. मुक्कामाचा मोसम आणि अंड्यांचा मोसम एकच असल्यामुळे अशा ठिकाणी किनाऱ्यावर मुक्काम न करता गावात करावा, हेच योग्य.

पाण्याविषयी एवढेच की, समुद्रकिल्ल्यांत गोड्या पाण्याच्या विहिरी असतात म्हणून गटाने तेथे पाण्याची अपेक्षा धरू नये. सिंधुदुर्गावरील दूधबाव, दहीबाव व साखरबाव प्रसिद्ध आहेत, कुलाब्यातही गोडे पाणी आहे. परंतु बेटाच्या पोटातील गोडे पाणी हे पावसाळ्यात मुरलेले आणि खाऱ्या पाण्यावर तरंगणारे मर्यादित पाणी असते. उपसा वाढला की खारे पाणी वर सरकते. चाळीस जणांचे पिण्याचे पाणी चाळीस पाठींवरूनच गेले पाहिजे.

किनाऱ्याने दक्षिणेकडे जावे तसतशी कक्षा लहान होत जाते. खंबायतच्या आखातात भावनगरला ती दहा मीटरच्या घरात आहे, मुंबईला वर दिल्याप्रमाणे, आणि गोव्यापाशी उधाणातही दोन मीटरच्या आसपास. त्यामुळे पायवाटेने बेट गाठण्याचे प्रसंग दक्षिणेत विरळ होतात व होडीचे महत्त्व वाढते. होडीच्या बेटांवरही तिथीचा हिशेब सुटत नाही. तो फक्त धक्क्याकडे सरकतो. जंजिऱ्याच्या दरवाजाशी किंवा सुवर्णदुर्गाच्या खडकांशी उतरताना पाण्याची उंची दीड-दोन मीटरने वेगळी असली की उतरण्याची पायरीच वेगळी होते, आणि शेवाळलेल्या पायरीवर होडीतून पाऊल टाकण्याची वेळ गटातील प्रत्येकावर येते. खांदेरी व सुवर्णदुर्ग यांचा २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याच्या जागतिक वारशात समावेश झाल्यापासून या बेटांकडे जाणाऱ्या गटांची उत्सुकता वाढणे स्वाभाविक आहे. तेथील उतरण्याच्या जागा मात्र समुद्राने पूर्वी होत्या तशाच ठेवल्या आहेत.

मोसमाचे बंधन सर्वांवर सारखे आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि परंपरेने कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या पुन्हा पाण्यात घालतो. या काळात कुलाब्याची वाट ओहोटीत उघडी पडत नाही असे नाही. परंतु कोष्टकातील पातळी शांत समुद्राची असते. नैर्ऋत्येचा वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो, उतरलेल्या वायुभारामुळे पातळी आणखी वर येते, आणि फुगलेल्या लाटा हिशेबातल्या सखल जागेवरून वेळेच्या आधीच ओलांडून जातात. नारळी पौर्णिमेनंतरही हा फुगवटा काही आठवडे टिकतो. त्यामुळे अलिबागच्या किनाऱ्यावरील पदभ्रमणासाठी पहिली भरवशाची चतुर्थी सामान्यतः आश्विनाच्या आधी धरता येत नाही.